लाखात एकोणतीस

५ फेब्रुवारी

घड्याळ मागे पडतंय! मोजणीयंत्राला ठोके देणारं. माझ्या प्रमाण घड्याळाशी तीनदा ताडून पाहिलं — लाख ठोक्यांत एकोणतीस कमी. भौतिकशास्त्र विभागात चार डॉक्टर, एकालाही पत्ता नाही. दहावी पास मिस्त्रीला दिसलं! ११.४० वाजता स्क्रू फिरवून बरोबर केलं. बोललो नाही कुणाला. आभार थोडेच मानणार होते!

१९ फेब्रुवारी

म्यूऑन म्हणजे अणूहूनही बारीक कण, रोज लाखोंनी जन्मतात, मरतात. सेकंदाचे दहा लाख भाग करा — त्यातले दोन आणि वर थोडं, एवढंच सरासरी आयुष्य. ते ‘थोडं’ नेमकं किती, त्यासाठी ही सगळी यातायात. ही म्हणते, "एवढ्यात बिचाऱ्याचा चहा तरी पिऊन होतो का?"

२ मार्च

विभागप्रमुख बाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. "मिस्त्री, शोधनिबंधावर तुमचंही नाव घालतेय." मी नुसतं "बरं" म्हणालो. घरी येऊन नाव छापल्यासारखं लिहून पाहिलं. सतरा वेळा!

९ मार्च

पाहुण्यांसमोर बाईंनी एक पाकीट दाखवलं. लाख लावून बंद. "उत्तर आधी दिसलं की मन त्याच्याकडे झुकतं. म्हणून घड्याळ मुद्दाम चुकवलंय. किती, ते यात. शेवटी पाकीट उघडायचं, तेवढी दुरुस्ती करायची."

मुद्दाम!

सगळ्या डॉक्टरांना ठाऊक. मिस्त्रीला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

१० मार्च

जेवण गेलं नाही.

११ मार्च

स्क्रू उलटा फिरवायला हात गेला होता. मागे घेतला. झालेल्या चौतीस दिवसांचं काय? गप्प राहिलो तर पाकिटातली दुरुस्ती आधीच बरोबर केलेल्या घड्याळावर चढणार, उत्तर चुकणार — आणि खाली माझं नाव. बोललो तर नाव गेलं.

१३ मार्च

ही म्हणाली, "भाजीत दोनदा मीठ घातलंत. काय मोडून आलात, सांगा तरी!"

१४ मार्च

बाईंना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग — "कधी फिरवलंत, किती, लिहून ठेवलंय?"

"हो."

"आकडा मला सांगू नका! ती वही ग्रंथपालांकडे द्या, पाकिटाशेजारी राहील. त्याच दिवशी उघडायची, सगळ्यांसमोर वाचायची. तरच हे दिवस वाचतील. तोवर आकड्यांकडे फिरकायचं नाही."

"आणि नाव—"

"ते नंतर बघू."

१५ मार्च

लिहिलंय ते फक्त इथं, म्हणजे हीच वही द्यायची. ‘एकालाही पत्ता नाही’ — हेही चौघांसमोर वाचणार!

खोडावं म्हणून पेन उचललं. पण खोडलेली नोंद मी आजवर कुणाचीच खरी मानलेली नाही.