एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी

प्रिय चिमटी,

हे नाव वाचून तू नाक मुरडशील, ठाऊक आहे मला. शेवटी भाची कुणाची? पण पाच वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून तू गुलाबाच्या कळीतले सगळे पुंकेसर चिमट्याने अलगद काढलेस, तेव्हा हे नाव पडलं. तीन वर्षं आपण बोललो नाही म्हणून ते काही मी परत घेणार नाही. पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड.

उद्या सकाळी अकराला नवीन जातीच्या नोंदणीचे अधिकारी पॉलिहाऊसमध्ये येत आहेत. एक्केचाळीस नंबर बघायला. होय, तोच जर्दाळू रंगाचा गुलाब, ज्याच्यापायी तुझं काम गेलं. तेव्हा साहेबांनी त्या वर्षीची तीनशे रोपं उपटून टाकायला लावली, कारण एकाचा बाप खोटा निघाला तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? हे एक मी कुंडीत घालून मागच्या शेडमध्ये लपवलं. आता त्याचं फूल पाण्यात तेरा दिवस टिकतं, आणि तेराव्या दिवशीही खोलीत शिरताच वास येतो. वास असला की फूल टिकत नाही आणि टिकलं की वास नसतो, या कोड्यात माझी अठरा वर्षं गेली. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तसाच गार झाला.

ताई सांगते, तू फुलांच्या दुकानात गुच्छ बांधतेस. आईच ती, तुझं कौतुकच करते. पण कुठल्याच प्रयोगशाळेने तुला घेतलं नाही, हे सांगताना तिचा आवाज बदलतो. तुला कामावरून काढलं त्या कागदावर निष्काळजी हा शब्द मी लिहिला होता. ताईला अजून वाटतं, मी नाइलाजाने लिहिला.

आपली पद्धत आठवते ना? फुलाला बांधायच्या चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं, आणि कोपऱ्यात पराग लावणाऱ्याची खूण. फक्त मी पराग लावायचे तेव्हा खूण तू करायचीस, कारण मला पुढच्या फुलाकडे जायची घाई असे. म्हणून त्या चिठ्ठीवर आई पांढरी, बाप लाल आणि कोपऱ्यात तुझं इवलंसं वर्तुळ होतं. लाल आणि पांढऱ्यातून येऊच नये असा जर्दाळू रंग उमलला, तेव्हा सगळ्यांनी ते वर्तुळच पाहिलं. पराग लावल्यावर फुलावर कागदी पिशवी नीट बांधली नाहीस, मधमाशी शिरली, असं मी दहा माणसांसमोर तुला सुनावलं.

मधमाशी नव्हती गं. तपासणीचा अहवाल परवा आला. बाप पिवळा निघाला, आणि पिवळ्याचं एकही झाड आपल्याकडे नव्हतं. त्याचे पराग बाहेरून आले होते, एका बाटलीत, आणि ती बाटली दिवसभर माझ्या खिशात होती. सगळ्यांना ब्रश वापरायला लावायचे आणि स्वतः मात्र बोटाने पराग लावायचे; बोटाला जास्त कळतं, हा माझा तोरा. दोन जातींच्या मध्ये ते बोट स्पिरिटने पुसायचं असतं. साहेब म्हणतात, बाप अज्ञात असं लिहा आणि मोकळ्या व्हा. चूक लिहिली तर नोंदणी लांबेल, शिवाय माझी खुर्चीही जाईल. खरंच जाईल, ते उगाच घाबरवत नाहीत.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते. हे मला परवा कळलेलं नाही. त्या दिवशी तू रडत म्हणालीस, मावशी, माझी डायरी बघ. मी आत जाऊन बघितली. तुझ्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'मावशीने बोट पुसलं नाही. सांगितलं तर ओरडली.' मी ते पान फाडून पदराआड लपवलं, बाहेर आले आणि सगळ्यांना सांगितलं, डायरीत काही नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना?

पान जपून ठेवलंय. उद्या अर्जाला तेच जोडणार आहे, बापाच्या रकान्यात पिवळा लिहिणार आहे, आणि त्याच दहा माणसांना बोलावलंय. त्यांच्यासमोर तुला बोलले, त्यांच्यासमोरच ते पान वाचेन. माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते. येशील तर तुझा चिमटा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. न आलीस तरी वाचेनच. हे पत्र घेऊन निघणारा माणूस तासाभरात तुझ्या दुकानात पोचेल. तो गेला की मला माघार घेता येऊ नये, म्हणून आजच लिहिलं. आत्ताच मागच्या शेडमध्ये जाऊन एक्केचाळीसची जुनी चिठ्ठी सोडली आणि नवी बांधली. तिच्या कोपऱ्यात माझी खूण आहे.

तुझीच,
मावशी