पाटावरची बाराबंदी

हॅम्बुर्ग बंदर,
नोव्हेंबर १९७४

प्रिय रुद्राणी,

तुझं पत्र इथं पोचल्यावर मिळालं. कंपनीच्या इथल्या माणसानं जहाजावर येऊन पत्रांचा गठ्ठा हसनचाचाच्या हातात दिला, आणि सगळ्यात वर तुझं अक्षर. तेच, ओळ संपत आली की खाली उतरणारं. मी नुकताच इंजिनखोलीतून वर आलो होतो, हात तेलानं काळे. म्हणून चाचानंच ते माझ्या खिशात खोचलं नि म्हणाला, "आधी हात धू, मग वाच. असली पत्रं काळ्या हातानं वाचू नयेत." चाचा म्हणजे आमच्या इंजिनखोलीतल्या खलाशांचा मुकादम, जहाजावर त्याला सारंग म्हणतात. रत्नागिरीकडचा आहे. पाच वेळा नमाज पढतो, आणि मधल्या वेळात अशा शिव्या देतो की मिलमध्ये आमच्यावर खेकसणारा जॉबरसुद्धा कानावर हात ठेवेल.

पत्र वाचलं. म्हणजे माझ्या अव्वानं आणि तुझ्या अप्पांनी ठरवूनच टाकलं म्हणायचं. यात्रेत सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी आपला साखरपुडा. मी तोवर आलो तर बरंच. नाही आलो, तर मी यात्रेत घालतो ती पांढरी बाराबंदी घडी करून माझ्या जागी पाटावर ठेवायची आणि शेजारच्या पाटावर तुला बसवायचं. अव्वा म्हणाली म्हणे, "कुंभाराच्या लेकीचं लगीन देवाच्या योगदंडाशी लागतंय की दरसाल. मग आमच्या पोराच्या बाराबंदीशी साखरपुडा झाला तर काय बिघडलं?" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दुधनीच्या आडतवाल्यांचं जे स्थळ तुला आलं होतं त्यांना अप्पांनी नाही म्हणून कळवलंसुद्धा. तू खाली एवढंच लिहिलंस, "तुझं काय म्हणनं हाय ते कळव. बाराबंदीला इचारून उपेग न्हाय." हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग हसू कुठं गेलं कळलं नाही.

उत्तर देतो. पण आधी इथवर कसा आलो ते सांगू दे. त्याशिवाय उत्तर लिहायला माझा हात वळणार नाही.

मी मिल सोडून मुंबईला चाललो हे तुला तळ्याच्या पायऱ्यांवर सांगितलं तेव्हा तू माशांना चुरमुरे टाकत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दानम्माकाकूनं तुला पायाला भिंगरी बांधूनच जन्माला घातलंय का रे?" मी म्हणालो, बंदरात काम बघतो, जमलं तर जहाजावर जातो. तू म्हणालीस, "व्हय, जा की. ह्या तळ्यात पवायला येत न्हाय, निघालाय समुद्रात." खरंच होतं ते. अजूनही पोहता येत नाही बघ. पण इंजिनखोलीत पोहावं लागत नाही. मिलमध्ये मागांना तेल घालायचो, इथं इंजिनाला घालतो. इथं माझं नावच तेलवाला. पहिल्या दिवशी खाली उतरलो, तो दणदणाट कानावर आला, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. एवढाच फरक की मिल जागची हलत नव्हती. ही मिल चालत होती. आत आपण तेच काम करायचं, आणि पाळी संपवून वर यावं तर दुनिया बदललेली.

आमच्या जहाजात शेंगांची पेंड भरलीय, पोतीच्या पोती. सुवेझचा कालवा लढाईपासून बंद आहे, म्हणून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं. पाळी संपली की मी जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन बसायचो. तुला समुद्र कसा सांगू? हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या रानावरून वारा गेला की सगळं रान कसं एका अंगानं वाकतं, तसं पाणी. नजर पोचेल तिथवर तसं, आणि मध्ये ना बांध ना बाभळ. पाण्यातून चांदीचे मासे टोळांसारखे उडायचे आणि दूर जाऊन परत पाण्यात शिरायचे. दक्षिणेकडं खाली खाली गेल्यावर एक मोठा पांढरा पक्षी मागं लागला. पंख हलवायचा नाही, नुसता वाऱ्यावर पडून राहायचा. दिवसच्या दिवस आमच्यासोबत. तो झोपतो कधी, त्याचं घर कुठं, कुणालाच सांगता आलं नाही. जहाजामागं पाण्यात एक पांढरी वाट उमटते, थोड्या वेळानं समुद्र ती मिटवून टाकतो. आपल्याकडं वाट एकदा पडली की आजा गेला त्याच वाटेनं नातू जातो. इथं आपण गेलो की वाटच राहत नाही. ते बघत मी किती वेळ बसायचो, माझं मलाच कळायचं नाही. चाचा येऊन टपली मारायचा, "जेवायला चल रे, समुद्र पळून जात नाही."

आफ्रिकेच्या टोकाशी जहाज असं हलायला लागलं की जुने जुने खलाशी आडवे झाले. मी मात्र तेलाचं भांडं घेऊन सरळ चालत होतो. चाचा लोखंडी खांबाला मिठी मारून बघत राहिला. म्हणाला, "दर्यावर जन्मलास काय रे तू?" मी म्हणालो, नाही चाचा, आमच्या गावात एक तळं आहे, तेवढंच. मग त्याला सिद्धरामाच्या यात्रेतल्या नंदीध्वजाच्या काठीचं सांगितलं. घरापेक्षा उंच काठी कमरेच्या झोळीत तोलून आम्ही गावातून चालतो, हे त्याला पटेना. माझे वडील शिकवायचे ते सांगितलं, की काठीला हातानं आवळायचं नाही. ती झुकेल तिकडं आपण तिच्याखाली जायचं. जहाजाचं तसंच आहे, त्याच्याशी भांडलं की माणूस पडतो. चाचा म्हणाला, "असला देव आमच्या रत्नागिरीत असता तर निम्म्या खलाशांच्या उलट्या वाचल्या असत्या."

सकाळी आम्ही दोघं शेजारी बसायचो. तो चटई अंथरायचा, मी इष्टलिंग तळहातावर घ्यायचो. जहाज तोंड फिरवत जातं, म्हणून चाचाला रोज वरच्या साहेबाला विचारून यावं लागायचं, आज मक्का कुठल्या बाजूला. मला काही विचारावं लागायचं नाही. एकदा म्हणाला, "तुझं बरं आहे रे. तुझा देव हातात, तुझी भाकरी डब्यात. तू कुठंही राहशील." अव्वानं दिलेल्या कडक भाकरी इथं पोचेपर्यंत पुरल्या, तिला सांग. इथं तपासणीला आलेल्या गोऱ्या अंमलदारानं डबा उघडला, एक भाकरी उचलली, नखानं टकटक वाजवली, उजेडात धरली. त्याला वाटलं पुठ्ठा आहे. चाचानं तुकडा मोडून शेंगाचटणी लावून त्याच्या हातात दिला. त्यानं खाल्ला, डोळ्यांना पाणी आलं, टोपी काढली, आणि आणखी एक तुकडा मागितला.

पण तो पुढचा भाग. आधी नदी सांगतो. इथं समुद्र संपून जहाज एका नदीत शिरतं. भीमेला पूर आल्यावर असते तेवढी रुंद, पण शांत. सकाळ होती, धुकं होतं, इंजिन हळू केलेलं. माझी पाळी नव्हती, मी वर उभा. धुक्यातून दोन्हीकडं जमीन आली. इतक्या दिवसांनी जमीन! हिरवं गवत, त्यात उभ्या ठिपक्याठिपक्यांच्या गाई, उतरत्या छपरांची घरं, एका घराच्या धुराड्यातून धूर. एक बाई अंगणात चादर झटकत होती. ती थांबली आणि आमच्याकडं बघत राहिली. मी हात केला, तिनंही केला. आणि मग, रुद्राणी, काठावर एका खांबावर आपला झेंडा वर चढला आणि कर्ण्यातून आपलं राष्ट्रगीत सुरू झालं. मला वाटलं मी झोपेतच आहे. नंतर कळलं, तिथून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याच्या देशाचं गाणं लावून या म्हणतात. ओळख ना पाळख, आणि परक्या धुक्यातून कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारावी तसं झालं. हातातलं काम टाकून सगळे ताठ उभे राहिले. चाचाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. गाणं संपल्यावर तो मला म्हणाला, "घर आठवलं ना रे?" मी मान हलवली. पण खरं सांगू? मला घर आठवलं नव्हतं. नदी पुढं धुक्यात वळत होती, आणि त्या वळणापलीकडं काय असेल एवढंच माझ्या मनात होतं.

इथं एक भुयार आहे, नदीच्या खालून. माणसं आणि गाड्या लिफ्टच्या मोठ्या पाळण्यात घालून खोल खाली उतरवतात, आणि मग पांढऱ्या फरशांच्या बोगद्यातून चालत पलीकडं निघायचं. काल मी गेलो. वर नदी, नदीवर जहाजं, आणि खाली कामाला निघालेल्या माणसांत मी एक. कुणी माझ्याकडं वळून बघितलं नाही. मला ते बरं वाटलं. पलीकडं निघालो तर बारीक बर्फ पडत होतं. आपल्या तळ्याच्या पायऱ्यांवर सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखं, पण हातात घ्यायला गेलं की नाही. मी बराच वेळ तोंड वर करून उभा राहिलो.

आता उत्तर. आमच्याच कंपनीचं दुसरं जहाज इथं शेजारच्या धक्क्याला होतं, मुंबईला निघालेलं. संक्रांतीच्या, म्हणजे यात्रेच्या आधी पोचणारं. तुझ्या पत्रातलं मी चाचाला सांगितलं होतं, तर त्यानं साहेबाकडं शब्द टाकून माझी तिथं सोयसुद्धा केली. आज सकाळी ते जहाज गेलं. मी धक्क्यावर उभा राहून बघितलं. आमचं जहाज धान्य आणायला दक्षिण अमेरिकेकडं जाणार आहे, तिथून पुढं कुठं ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि मी याच जहाजावर राहिलोय. मला कुणी अडवलेलं नाही. माझं कुणाशी भांडण नाही. मी इथं हालात असतो तर तुला लिहायला सोपं गेलं असतं. मी सुखात आहे, हेच लिहायला इतकी पानं लागली. तू मला आवडत नाहीस असं मनात आणू नकोस. पण मी आलो असतो तर त्या बाराबंदीच्या आत माणूस असता एवढंच, त्याचं ध्यान दाराबाहेरच राहिलं असतं. तसल्या माणसाशेजारी तुला जन्मभर बसवायचं माझ्या जिवावर येतं. मी नाही म्हटल्याचं गावात कळलं की लोक काय बोलतील ते मला ठाऊक आहे. पोरगा चांगला होता, पोरीतच काही खोट असेल, म्हणतील. म्हणून या पत्राचं शेवटचं पान मी वेगळ्या कागदावर लिहिलंय. त्यात एवढंच आहे, की मी येणार नाही, साखरपुडा माझ्या सांगण्यावरून मोडला, रुद्राणीकडं काडीचाही दोष नाही. खाली माझी सही, शेजारी साक्षीला चाचाची. तेवढं पान अप्पांच्या आणि अव्वाच्या समोर मोठ्यानं वाच. बाकीची पानं तुझी. ठेव, नाहीतर चुलीत घाल. दुधनीवाल्यांना परत हो म्हण असंही मी सांगत नाही, तो अधिकार आज सकाळी त्या जहाजाबरोबर गेला. अव्वा रडेल, तिला जवळ घे. आणि कुणी बाराबंदी आणून ठेवली तर तो पाट तुझ्या हातानं उचल. त्यावर कुणी बसायचं, की कुणीच नाही, हे आता तुझ्याशिवाय कुणी ठरवायचं नाही.

तुझ्याच गल्लीतला,
चनबसप्पा