हुकुमातलं नाव

गडावरच्या बंदिवासात तुम्ही जिवंत आहात, या भरवशावर लिहिते.

अहो, तुम्हाला कोणत्या गुन्ह्यासाठी नेलं, हे विचारायला मी सहा महिने नारायण पेठेतून कचेरीत खेटे घातले. एकच उत्तर मिळे, "सरकारी कागद रयतेला दाखवत नाहीत." सोबतीला तुमचे धाकटे भाऊ असायचे. विसाजीभावोजी म्हणायचे, "वहिनी, जाणून काय करणार?"

काल त्यांना ताप होता, म्हणून मी एकटीच गेले. म्हाताऱ्या कारकुनांना दया आली. त्यांनी दप्तराचा रुमाल सोडला आणि हुकूम हळूच वाचला. तुम्ही शत्रूला फितूर झालात, अशी खबर सरकारात विसाजीभावोजींनीच दिली होती.

मी घरी येताच भावोजींनी विचारलं, "काही कळलं?"

"नाही," मी म्हणाले. काढ्याची वाटी पुढे ठेवताना मी नजर वर केली नाही; ते मात्र माझ्याकडेच पाहत होते.

"मग आता कचेरीत जायचं नाही," ते म्हणाले.

उद्या ते फराळाचा डबा घेऊन गडावर येणार आहेत. त्यांच्या हातचं काही खाऊ नका, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं. पण गडावर जायची परवानगी एकट्या त्यांनाच आहे, म्हणून पत्रही त्यांच्याच हाती द्यावं लागतं.

तुमची,
वेणू