देवचंदचं पान

८ मार्च १९९९, सोमवार. जळगाव

बदली झाली की माणसाने रडायचं, असा आमच्या पाटबंधारे खात्यात रिवाज आहे. सांगलीच्या ऑफिसात मला निरोपाचा नारळ देताना साहेबांनी असा चेहरा केला होता, जणू मी काळ्या पाण्यावर निघालो आहे. मी मात्र खुशीत आलो. पन्नाशीला दोन वर्षं उरलेला, मागेपुढे कोणी नसलेला वरिष्ठ लिपिक. त्याला सांगली काय न् जळगाव काय, फायली सगळीकडे सारख्याच जाड.

खोली झकास मिळाली. गच्चीवर एकटीच, बाहेरून जिना, खिडकीत निंबाचं झाड. टेबल, खुर्ची, पुस्तकांची फळी आधीपासून होती. मालक सुकदेव नाना जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले. त्यांच्या मंडळी पार्वताबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. टेबल त्यांच्या मुलाचं, देवचंदचं. तो बाहेरगावी असतो म्हणाले. अक्कांनी एकच चौकशी केली, मी लिहितो का? हो म्हणालो. अठरा वर्षं दिवाळी अंकांना विनोदी लेख पाठवतो आणि ते अठरा वर्षं साभार परत येतात, हे मात्र सांगितलं नाही. पहिल्याच भेटीत किती हसवायचं?

संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी वर आली. सांगलीकरांनो, रडा.

१४ मार्च, रविवार

कोपऱ्यावर कुंदाबाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. बारा खडखडती यंत्रं, आणि पडद्याआड नव्या नवरीसारखा झाकून ठेवलेला एक कॉम्प्युटर. कुंदाबाई पंचेचाळिशीच्या. बोलणं टायपिंगसारखंच, खाडखाड, आणि चूक झाली तर खोडून काढायची सोय नाही. त्यांनी मला इंटरनेट दाखवलं. यंत्र आधी नाशिकला फोन लावतं, पिंपात मांजर अडकल्यासारखं ओरडतं, आणि मग जग हळूहळू वरून खाली उघडतं, दुकानाच्या शटरच्या उलट.

जगात काय आहे म्हणाल तर डायऱ्या! लोक आपली रोजनिशी तिथे उघड्यावर वाळत घालतात. कॅनडातली एक बाई रोज आपल्या मांजराच्या पोटाबद्दल लिहिते. अमेरिकेतला एक गृहस्थ वर्षभर फक्त पाव भाजतो आणि तो का फुगला नाही याचा खुलासा करतो, अगदी आमच्या खात्याच्या भाषेत. ह्याला वेबलॉग म्हणतात म्हणे. मी दोन तास वाचत बसलो. संपादक नाही, पोस्टाचं पाकीट नाही, साभार परत नाही! एवढं सुख माहीत असतं तर अठरा वर्षं तिकिटं चाटली नसती.

२१ मार्च, रविवार

माझंही पान निघालं. नाव ‘वरिष्ठ लिपिकाची वही’. मी ह्या रोजनिशीतले बरे तुकडे कागदावर उतरवून द्यायचे, कुंदाबाईंनी ते मराठी फाँटात टाइप करून चढवायचे. ज्याच्याकडे तोच फाँट त्यालाच अक्षरं दिसतात, बाकीच्यांना नुसतं जंतरमंतर. म्हणजे वाचक मोजकेच. चालेल, सवय आहे.

पहिला लेख साहेबांच्या डुलकीवर. खाली माझं पूर्ण नाव, दिगंबर खोत. आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं. पाहत राहिलो.

२५ मार्च, गुरुवार

पानाच्या तळाशी एक आकडा असतो, किती जण येऊन गेले त्याचा. चार दिवसांच्या माझ्या पानावर दोनशे चौदा! विनोदी लेखकाला एवढे वाचक मिळाले की त्याने आधी संशय घ्यावा.

शिवाय तिथे पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची जागा आहे. एकच अभिप्राय आलाय: “देवचंदभाऊ, इतला दिन कोठे व्हतास? बठ्ठा इचारतस.” सही रतिलाल, धुळे. कुंदाबाईंनी अर्थ सांगितला, इतके दिवस कुठे होतास, सगळे विचारतात; आणि म्हणाल्या, कोणी चुकून आला असेल. त्यांनी खिडकीकडे पाहत हे सांगितलं. खिडकी बंद होती.

३० मार्च, मंगळवार

पानावर लिहिलं होतं की आईच्या हातची शेवग्याच्या पाल्याची भाजी खाऊन तीस वर्षं झाली. आज दुपारी ताटात तीच भाजी.

जेवणाचं ताट परत द्यायला खाली गेलो. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे कागदांची चळत. माझे लेख, छापून काढलेले, प्रत्येकावर हळदकुंकू. माझं साहित्य वाचून कोणी देव आठवला असेल तर समजू शकतो, पण पूजा?

नानांना विचारलं, मुलगा कुठे असतो? सुरतला म्हणाले. अक्का त्याच वेळी मस्कत म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

३ एप्रिल, शनिवार

आज पान स्वतः खाली सरकवलं. माझ्या पहिल्या लेखाखाली कोरी जागा असायला हवी. तिथे आणखी मजकूर आहे. पानंच्या पानं. शेवटची तारीख १७ ऑगस्ट १९९८. गच्चीवरची खोली, निंबाचं झाड, पुस्तकांची फळी. मी जिथे बसून लिहितो तिथेच बसून दुसरा कोणी लिहीत होता.

कुंदाबाईंना धरलं, तेव्हा बोलल्या. पान देवचंदचं. तोही त्यांच्याकडेच टाइप करून घ्यायचा. गेल्या पावसाळ्यात मुक्ताईनगरच्या बाजूला तापीला पूर आला, त्यात गेला. सापडला नाही. म्हणून आईबापांनी दिवस घातले नाहीत, कोणी गेला म्हटलं तर घरात घेत नाहीत. नवं पान काढायला इंग्रजी फॉर्म भरावा लागतो, सतरा प्रश्न. “जागा होतीच की सर रिकामी,” म्हणाल्या, “तुम्हीही त्याच खोलीतले, म्हटलं पत्ता तोच आहे.”

टायपिंगवाल्यांचा हिशेब. कागदाची पाठकोरी बाजू वाया का घालवा! आणि छापलेले कागद अक्कांना नेऊन देणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्याही ह्याच. म्हाताऱ्यांना बरं वाटतं, म्हणाल्या.

म्हणजे गेले दोन आठवडे मी मेलेल्या माणसाच्या पाठीवर विनोद लिहितोय. माझा मजकूर काढून नवं पान द्या, असं बजावून आलो.

६ एप्रिल, मंगळवार

निघत नाही. मजकूर काढायचा तर यंत्र पानाच्या मालकाला प्रश्न विचारतं. प्रश्न देवचंदने ठरवलेला: लहानपणी आई मला काय म्हणायची? कुंदाबाईंना उत्तर माहीत नाही, अक्का सांगत नाहीत. फक्त लेखांखालचं नाव तेवढं बदलता येतं. मी घाईत म्हटलं, निदान माझं नाव तरी काढा तिथून. काढलं.

घरी येऊन जेवायला बसल्यावर लक्षात आलं, मी काय केलं ते. आता ते सगळे लेख तिथेच आहेत. फक्त माझे नाहीत.

८ एप्रिल, गुरुवार

पानी गार शे. पायखाले वाळू सरकस. वर उजेड दिखस, पन दूर शे. माय हाक मारी ऱ्हायनी. येस म्हनाले तोंड उघाडं, ते

९ एप्रिल, शुक्रवार

वरचं मी लिहिलेलं नाही.

अक्षर माझं आहे. ‘र’ला शेपूट द्यायची माझी खोड आहे, तीही आहे. शाई माझीच. पण मला ही बोली येत नाही. भाजीवाल्या सुंदरबाईंशी बोलतानासुद्धा मी बोटं दाखवतो.

कुणीतरी थट्टा करतंय असं धरून चाललो. संशयितांची यादी केली, खात्यातली सवय: नाना, अक्का, कुंदाबाई. खोलीची दुसरी किल्ली नानांकडे. पण नाना सहीपुरतेच शिकलेले, अक्का अंगठा लावतात. उरल्या कुंदाबाई. गेलो. त्यांची फोनची लाइन मंगळवार संध्याकाळपासून बंद होती. तारवाला माझ्यासमोर आला, माझ्यासमोर दुरुस्त केली, माझ्यासमोर पान उघडलं.

सगळ्यात वर, कालची तारीख घालून, ह्याच ओळी. त्याच अर्धवट.

कुंदाबाई खुर्ची मागे सारून उठल्या. पोरांची शपथ घेऊन म्हणाल्या, मी नाही. मला पटलं. थट्टेसाठी कोणी पोरांची शपथ घेत नाही.

११ एप्रिल, रविवार

धुळ्याहून रतिलाल आला. देवचंदचा चुलतभाऊ. खात्री करून घ्यायला आलो म्हणाला. मला बरं वाटलं, तोंड बघून तरी जाईल. जिन्यावरून मला बघून थबकला. मग वर आला, पाठीवर हात ठेवला. “वाळी गयास भाऊ,” म्हणाला, म्हणजे वाळलास, आणि रडला.

मी सांगणार होतो की बाबा रे, मी खोत, सांगलीचा. त्याऐवजी विचारलं, तोताराम मामाचा दमा कसा आहे?

मला कुठला मामा? त्याला मात्र आहे. दमा आहे. आता बरा आहे, म्हणाला.

१४ एप्रिल, बुधवार

सुट्टी. दिवसभर दार लावून बसलो. बाहेर ऊन पांढरं झालंय, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. अक्का जिन्याच्या पायरीवर बसून आहेत. हाक मारत नाहीत. नुसत्या बसून.

१६ एप्रिल, शुक्रवार

खाली कुंभाराकडून नवी घागर आली. परवा अखजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. इथे ह्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर त्याच्या नावाचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. वर्षभरात कोणी गेला असेल तर त्याची घागर ह्या अखजीला भरावीच लागते.

जीव भांड्यात पडला. म्हटलं, अखेर मान्य केलं. पोराला निरोप देतायत.

दुपारी नाना पेन्सिल घेऊन वर आले. माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. पोलीस चौकीत भाडेकरूंची माहिती द्यायची असते म्हणाले. सांगितलं. त्यांना लिहिता येईना म्हणून मीच लिहून दिलं.

१७ एप्रिल, शनिवार

घागरीवर गेरूने नाव लिहिलंय. कोणाकडून तरी माझ्या कागदावरून उतरवून घेतलंय. दिगंबर केशव खोत, मौजे विटा.

नानांना हात जोडून विचारलं. ते रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, “जो लिखस तो जित्ता शे. मना देवचंद लिखस, मंग त्यानी घागर कशी भरू?” पण घरातून एक माणूस गेलाय हे तर खरं, असं ते पुढे म्हणाले. यमाच्या घरी जागा रिकामी राहत नाही. घागर कोणाच्या तरी नावाची लागते. आणि तुमच्या मागे रडणारं कोणी नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

लिहिलं होतं. विनोद म्हणून.

ऑफिसात धावत जाऊन रजेचा अर्ज टाकला. हेडक्लार्कने परत केला. सही जुळत नाही म्हणाला. पाहिलं. देवचंद सुकदेव. पुन्हा सही केली. देवचंद सुकदेव. सावकाश, एकेक अक्षर, ओठ हलवत — तेच.

बस स्टँडवर धुळ्याची गाडी उभी होती. चढलो, उतरलो. पळून जाणं सोपं. पण गैरहजर माणसाची घागर भरायला कोण अडवणार? उद्या मी तिथे उभा राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने माझं नाव सांगणार. जिवंत माणसाने हरकत घेतली तर विधी होत नाही. व्हायला नको.

१८ एप्रिल, रविवार. अखजी

सकाळी दहा. नाव पाठ करतोय. दिगंबर केशव खोत. इथे लिहून ठेवतो म्हणजे — देव — नाही. दिगंबर. दिगंबर.

अकरा. रतिलाल आलाय, मामा आलाय. पुरणपोळ्यांचा वास. अक्का खालून हाक मारतात, लाडाच्या नावाने. ते नाव मला माहीत होतं. हाक यायच्या आधीच. मी ‘येस’ म्हणालो, म्हणजे येतो.

साडेअकरा. वडिलांचं नाव केशव. आईचं — आईचं — तिचे हात आठवतात. भाजी निवडणारे. हिरव्या बांगड्या. अक्कांच्या बांगड्या हिरव्या — नाही, माझी आई सांगलीची, ती — तिचा चेहरा —

पावणेबारा. खाली जातो. नाव कागदावर लिहून खिशात ठेवलंय. कागद काढून पाहिला. ओला. खिसा कोरडा आहे.

बारा. अजून वरच आहे. पाय उचलत नाहीत, पायखाली वाळू — फरशी आहे, फरशी — नाना खाली मोठ्याने नाव घेतायत. माझं. पूर्ण. आवाज चांगला लागलाय. आयुष्यात कोणी इतकं स्पष्ट — ओरडतोय मी, थांबा म्हणतोय, कोणी वर बघत नाही — निखाऱ्यावर घास टाकला — तूप पडल्याचा आवाज — धूर सरळ वर येतोय, खिडकीतून, माझ्याकडेच —

तोंडात गोड. गरम. पुरण. मी काहीच खाल्लं नाहीये, मी अजून जिन्यावरसुद्धा — गिळायचं नाही, गिळलं की — तोंड मिटून धरलंय, पण घास आपोआप खाली