नखांमधली खिडकी

३ मे

निवड झाली! आख्ख्या वस्तीतून मी एकटी. मोठ्या दवाखान्यात तीन आठवड्यांचं शिबिर — ज्यांच्या घराण्यात डॉक्टर सोडा, कंपाउंडरही कुणी झाला नाही, अशा बारा मुलांसाठी. पांढरा कोट मिळालाय. बाह्या दोनदा दुमडल्या तरी लांबच. आई म्हणाली, "हा वेगळा धू. बाबांच्या कपड्यांत नको घालूस." बाबांचे कपडे म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातली धूळ. आई ते आधी दारात झटकते, मग भिजवते.

४ मे

रखवालदाराने अडवलं. "कुणाला भेटायचंय?" शिकायला आलेय म्हटलं, तर हसला!

आमच्या डॉक्टरबाई मात्र झकास. चणीने एवढ्याशा, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "माझी आई याच जिन्याच्या पायऱ्या पुसायची. म्हणून इथे कुणी बिचकायचं नाही. चुकलं तर चुकलं म्हणायचं, पुन्हा बघायचं."

८ मे

आज नखं. दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरायची. मधे शंकरपाळ्यासारखी चौकोनी, पण तिळाएवढी फट दिसते. बाई तिला खिडकी म्हणतात. ती बुजली असेल तर छाती नीट तपासायची. आम्हा बाराजणांच्या खिडक्या शाबूत. खूप हसलो.

९ मे

बाबांना खिडकी नाही.

१० मे

काल पुढे लिहवेना. बाबा म्हणाले, "ही काय नवी भातुकली?" पण बोटं जुळवली. उजेडाकडे धरली. फटच नाही! नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगलेली. हे हात मी रोज बघते. कधी दिसलं नाही.

अलीकडे जिन्यात मधेच थांबतात. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय — सेहेचाळीस.

११ मे

संध्याकाळी शिबिरातून आल्यावर गल्लीभर फिरले. पत्रे कापायच्या शेडमधले, बाबांसकट, अकराजण आमच्या गल्लीत राहतात. आठांची खिडकी बंद. कारखान्याच्या फाटकावर बसणारे काका, ट्रक चालवणारे मामा — त्यांची उघडी.

शेजारचे दाजी हात पुढे करून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, नशिबाची रेघही बघून टाका!" सगळे हसले. मग एकेक करत सगळे खोकायला लागले.

१२ मे

बाईंना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"कुणाला बोललीस?"

"नखं बघितली फक्त. का, ते कुणालाच नाही सांगितलं."

गल्लीतल्या नावांची मी केलेली यादी दोनदा वाचली. वाटलं, आता रागावणार. तर म्हणाल्या, "अगं, डॉक्टरकी इथूनच सुरू होते. बाबांना घेऊन ये." मग माझ्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. खिशावर निळ्या दोऱ्याने कारखान्याचं नाव शिवलेलं. नऊ दिवस घालतेय, वाचलंच नव्हतं! कोट त्यांचे, वह्या त्यांच्या. शिबिरच त्यांच्या पैशांवर.

१५ मे

बाबा यायलाच तयार नव्हते. "छातीचा फोटो काढून काय करू? भिंतीवर लावू?" शेवटी आईने चप्पल पुढ्यात आणून ठेवली, तेव्हा उठले.

बाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. दोन्ही बाजूंना, खाली, कोळिष्टकं धरल्यासारखं. मग म्हणाल्या, "ही शेडमधली धूळ आहे. आत गेलेली आता निघत नाही. पण उद्यापासून आणखी जायला नको." उरलेल्या सातजणांचेही फोटो काढायचे, मग वर कळवायचं असं ठरलं.

घरी येताना बाबा आमच्या पुढे चालले. आई एकदाच बोलली. "काम सोडलं तर खायचं काय?"

१८ मे

कारखान्याचे साहेब शिबिर बघायला आले. बारा मुलांतून थेट माझ्याकडे. "तूच ना ती हुशार मुलगी?" मग हसून, अगदी मायेने — "बाबा कसे आहेत? श्वास ठीक?"

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं!

"ठीक आहेत," मी म्हणाले. का म्हणाले?

१९ मे

डॉक्टरबाई आल्या नाहीत. शिपाई म्हणाला, "रजेवर." किती दिवस? "लांबच्या."

त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर. बाबांच्या फोटोचं विचारलं तर म्हणाले, "कसला फोटो? नोंद नाही इथे." नोंदवहीतलं १५ तारखेचं पान शोधलं. नाहीच. मधली शिवण सैल झालेली.

२० मे

बाईंना फोन केला. उचलत नाहीत. दाजी आज कामावर गेले नाहीत. उंबऱ्यावर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. मला बघून मान वळवली.

२१ मे

पत्र आलं. मला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, तर फी, वसतिगृह, पुस्तकं — शेवटच्या वर्षापर्यंत सगळं कारखाना करणार! खाली एक ओळ. "पालकांनी कचेरीत येऊन कागदपत्रं पूर्ण करावीत."

आई पत्र छातीशी धरून रडली. मलाही आनंद झाला. खोटं कशाला लिहू? झाला. मग ती खालची ओळ पुन्हा वाचली.

बाबांना म्हटलं, "जाऊ नका. निदान सही करू नका." ते म्हणाले, "तू अभ्यासाला लाग."

२३ मे

बाबा सही करून आले. कागदावर काय होतं? सांगेनात. आडूनआडून विचारलं, शेवटी हात धरला तेव्हा बोलले. "एवढंच, की मला छातीचा त्रास नाही. कधी नव्हता."

दम घ्यायला थांबले.

"शेडमधल्या बाकीच्या दहाजणांनीही केल्या सह्या. कुणी जबरदस्ती नाही केली. दाजीच म्हणाले, आपल्यातली एक तरी डॉक्टर होऊ दे."