मोठ्या मायचा फायनल टेक

२ फेब्रुवारी, रविवार
संकल्प. मोठ्या मायची जीवनकहाणी रेकॉर्ड करायची. मोठी माय म्हणजे माही मोठी चुलती, जयवंताबाई. सगळी उमर मेंढरांमागं हिंडली. आता केदारखेड्याला पोराजवळ, म्हणजे कडूबादादाजवळ राहते. माही माय मी तान्हा असताना गेली, मला वाढवलं मोठ्या मायनंच. मायचा फोटो न्हाई. ती कशी होती, हे सांगणारं माणूस आता मोठी माय एकटीच. तेबी विचारणार. पण शेवटी. भावनिक प्रश्न एंडला ठेवतात, व्हिडिओत पाहिलंय.
मोनिका म्हणाली, आधी जाऊन तर या. बायकोला प्लॅनिंग कळत न्हाई.

९ फेब्रुवारी
जाणार होतो. माईक आला न्हाई. माईकशिवाय जाणं म्हणजे म्हातारीचा अपमान.

२ मार्च
माईक आला. बदनापूर स्टेशनावर टेस्ट केली. आवाज एकदम क्लिअर. पण ऊन तापून राह्यलं. या वयात तिला कशाला त्रास? पावसाळ्यात बराबर जमंल.

१५ जून
कडूबादादाचा फोन. मोठी माय विसरून राह्यली म्हणे. दूध चुलीवर ठेवते अन् शेजारी जाऊन बसते. जायाला पाहिजे होतं. जल्दी ट्रायपॉड मागवला.

२९ जून
गेल्तो! मोठी माय ओसरीत लोकर कातत बसल्ती. मला बघून गालावरून हात फिरवला, आधी भाकर खा म्हणाली. हातात सूत कातायची चाती फिरत होती अन् तोंड आपसूक सुरू. कुणाच्या वावरात मेंढरं बसवली, कोण्या मेंढीचं काय नाव. पण चातीची खरखर माईकात येऊन राह्यली. म्हणून चाती काढून घेतली अन् तिला खुर्चीत बसवलं. तर बिलकुल गप्प! रिकाम्या हाताकडं पाहत राह्यली.
नाइलाजानं चाती परत दिली. मंग मधीच माह्या मायच्या गोष्टीवर आली. तुही माय लई हसरी होती म्हणे, एकदा पिंपळगाव रेणुकाईला देवीपुढं... मी थांबवलं. क्रम बिघडतो ना. म्हणलं, राहू दे, ते शेवटी. ती बरं म्हणाली. कडूबादादा डोळे फाडून माह्याकडं पाहत होता. एवढं प्रोफेशनल काम त्यानं कधी पाहिलं नसंल.

६ जुलै
फुटेज पाहिलं. जास्त करून मीच बोलून राह्यलो. दोष मोठ्या मायचा न्हाई, तयारीचा हाय. उपाय: स्क्रिप्ट. आज मीच लिहून टाकली. थोडा मसाला घातला. पूर्णेला पूर, डोक्यावर कोकरू, पोटात भूक, मनात जिद्द. मोनिकानं विचारलं, पूर खरंच आल्ता का? आल्ताच असंल. नदी हाय म्हणल्यावर येतोच.

२० जुलै
रोज संध्याकाळी फोनवरून स्क्रिप्ट वाचून दाखवतो. कडूबादादा फोन तिच्या कानाला धरतो. विसरणाऱ्या माणसाला सराव पाहिजे. मनात जिद्द हे तिला आवडलेलं दिसतं. दोनदा म्हणाली.

१० ऑगस्ट
आज वाटलं, मसणात गेला तो क्रम, मायचं आत्ताच विचारावं. फोन लावला. मोठी माय म्हणाली, बोल बाप्पा. मंग वाटलं, सराव मोडंल. पूरच वाचून दाखवला. जेवण गेलं न्हाई. ॲसिडिटी असंल.

२४ ऑगस्ट
जाणार होतो. पोळा परवाच झाला, गडी माणसं थकलेली असतात. मी थकलेलो न्हाई, पण त्यांचा विचार करावा लागतो.

१४ सप्टेंबर, दुपार
केदारखेडा, मोनिकाबी संगं. एका टेकमधी झालं! मोठी माय घडाघडा बोलली. पूर, कोकरू, भूक, जिद्द. एक शब्द हुकला न्हाई. चातीची गरजच पडली न्हाई. मोनिकाच्या डोळ्यात पाणी आलं. कडूबादादा उठून गोठ्यात गेला. इम्प्रेस झाला असंल. आता फक्त शेवटचा प्रश्न.

१४ सप्टेंबर, घरी आल्यावर
विचारला. म्हणलं, मोठी माय, माही माय कशी होती?
तिनं डोक्यावरचा पदर सावरला. मंग म्हणाली, साहेब, पूर्णेला पूर आल्ता, डोक्यावर कोकरू होतं.
म्हणलं, ते न्हाई, माही माय. मी सुग्रीव.
घाबरली. काहीतरी चुकलं म्हणून हात जोडले तिनं. मला हात जोडले. मंग हळूच म्हणाली, मी अडाणी बाई हाय साहेब, तुमच्या कागदात बघा, त्यात असंल.
कागद आत्ता पुन्हा वाचला. मायचं त्यात नावबी न्हाई.