ऋतुजाचा हात

शनिवार, हॉस्टेल, विश्रामबाग

सरांनी नाटकाचे लाइट ऋतुजाला दिले. वर्षभर शिडीवर चढून दिवे मी बांधले, बोटं मी भाजून घेतली, आणि एकांकिका स्पर्धेत उजेड कमी-जास्त करायच्या डिमरवर बसणार ती. साताऱ्याहून यंदाच आलेली.

आज तालमीत मनात एकच, चुकू दे हिचं. एकांकिकेच्या शेवटी आई रंगमंचावर एकटी उरते, तिथे उजेड घालवायचा असतो. आतापर्यंतच्या तालमींत मी तो झटकन घालवायचे. ऋतुजाचा हात डिमरवरून इतका सावकाश खाली आला, की अंधार कधी झाला ते कळलंच नाही. आईचं काम करणारी वैशाली विंगेत येऊन म्हणाली, "आज पहिल्यांदा खरं रडू आलं गं."

पहिल्यांदा? म्हणजे माझ्या वेळी कधीच नाही?

तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

सामान आवरताना ऋतुजा म्हणाली, "मला शिडीची लय भीती वाटते. शिकवशील का?"

"बघू," म्हणाले.

तिला विचारायचं होतं, हात एवढा सावकाश कसा आणतेस? नाही विचारलं. खोलीवर आल्यापासून टेबलावर बोट ओढून बघतेय. दर वेळी घाईच होतेय.